शेतकरीण आणि सात-बाराचा उतारा

बी निवडण्यापासून माल बाजारांत जाईपर्यंत शेतींतील कोणतें काम कोणाच्या हातून होतें, याचा हिशेब आमच्या वाचकांनीं एकदां आपल्याच घरचा मांडून पाहावा. नांगरट, पाळी, पेरणी, पाणी, फवारणी आणि बाजाराची फेरी हीं कामें बहुधा पुरुषांकडे निघतील. भाताची लावणी, खुरपणी, कापसाची वेचणी, भुईमुगाच्या शेंगा तोडणें, कांद्याचें रोप लावणें व काढलेला कांदा कापणें, गोठ्यांतील शेणपाणी, धारा, आणि पुढील सालाचें बी राख किंवा निंबाचा पाला घालून जपणें हीं कामें बायकांकडे निघतील. शिवाय चूल आहेच. ती कोणी हिशेबांत धरीत नाहीं. गेल्या साठ-सत्तर वर्षांत जीं यंत्रें आलीं, तीं मुख्यत्वें पहिल्या यादींतील कामांसाठीं आलीं. बैलांच्या जागीं ट्रॅक्टर आला, मोटेच्या जागीं विजेचा पंप आला. वांकून करावयाचें काम मात्र बरेंचसें अद्याप वांकूनच होत आहे. तणनाशक आलें खरें, परंतु त्यानें मजूर बाईच्या कंबरेचें दुखणें जसें कमी केलें, तसा तिचा रोजहि कमी केला.

सरकारी पाहणींत असें आढळतें कीं, आपल्या देशाच्या खेडोपाडीं काम करणाऱ्या दर १०० स्त्रियांपैकीं ७५ हून अधिक स्त्रिया शेतीवर राबतात. त्याच सरकारच्या २०१५-१६ च्या कृषिगणनेंत वहितीचे धारक म्हणून ज्यांचीं नांवें लागलीं, त्यांत स्त्रियांचें प्रमाण शेंकडा सुमारें १४ होतें. ऊसतोडीस जाणाऱ्या कुटुंबांत नवराबायको मिळून एक 'कोयता' धरण्याची चाल आहे. दोघें तोडतात, मोळ्या बांधतात, गाडी भरतात, आणि मुकादमाकडून उचल घेतो तो बहुधा नवरा. जमीनवाल्यांच्या घरची स्थिति याहून निराळी आहे असें आम्हांस वाटत असे. जरा खोल पाहतां ती फारशी निराळी दिसत नाहीं. फक्त मुकादमाच्या वहीऐवजीं येथें सात-बाराचा उतारा आहे.

मागील कांद्याच्या हंगामांत आम्ही आमच्या एका सभासदाच्या गांवीं गेलों होतों. त्यांच्या शेजारच्या मळ्यांत एक विधवा बाई कांदा कापीत बसलेली होती. नवरा अपघातांत जाऊन तीन वर्षें झालेलीं. जमीन सव्वातीन एकर बागायत, सासऱ्याच्या नांवें, सासरा हयात. नवऱ्याच्या हयातींत कारभार नवरा पाहत असे. तो गेल्यावर जमीन तीच कसूं लागली, आणि आमच्या यजमानांच्या म्हणण्याप्रमाणें पूर्वींपेक्षां बरी कसूं लागली. परंतु सोसायटीनें पीककर्ज नाकारलें, कारण तिच्या नांवें उतारा नाहीं. पीकविम्याच्या अर्जास उतारा हवा. केंद्र सरकार २०१९ पासून शेतकरी कुटुंबास सालीना ६,००० रुपये देतें, तेहि उताऱ्यावर ज्याचें नांव त्याच्या खात्यांत पडतात. अलीकडे शेतकऱ्यास ओळख क्रमांक मिळूं लागला आहे; तोहि जमिनीच्या नोंदीशींच बांधलेला. बाईनें मुलाच्या शाळेच्या वहींत मालाचा हिशेब ठेविला होता. गोणी किती, वजन किती, हमाली, तोलाई, मोटारभाडें, सारें नीट लिहिलेलें. आम्हीं बाजारची पट्टी पाहण्यास मागितली. पट्टीवर नांव दिराचें होतें. पैसे दिराच्या खात्यांत जमा होतात आणि तो देईल तेवढे तिला मिळतात. दीर मनुष्य वाईट नाहीं, तो देतोहि. पण तिनें खत कधीं आणावें हें त्याच्या सवडीवर अवलंबून असतें, आणि कांद्याला खत सवडीनें देऊन चालत नाहीं, हें आमच्या वाचकांस आम्हीं सांगावयास नको.

या बाईला कायद्यानें हक्क नाहीं असें मात्र नव्हे. आमच्या आजोबांच्या काळीं तो नव्हता म्हटलें तरी चालेल. मुंबईचे डॉ. देशमुख यांच्या खटपटीनें १९३७ सालीं मध्यवर्ती कायदेमंडळांत हिंदु स्त्रियांच्या मिळकतीचा कायदा झाला व विधवेस मुलाइतका वांटा मिळाला, तोहि तिच्या हयातीपुरता. पुढें १९४१ सालीं संघन्यायालयानें निर्णय दिला कीं, प्रांतांतील शेतजमिनीस तो कायदा लागूच नाहीं, कारण शेतजमीन हा प्रांतिक विषय. म्हणजे ज्या देशांत बहुतेकांची मिळकत म्हणजे जमीनच, तेथें जमीन सोडून बाकी सगळ्याचा कायदा झाला होता. ती उणीव प्रांतांनीं स्वतंत्र कायदे करून भरून काढावयाची होती. स्वातंत्र्यानंतर डॉ. आंबेडकरांनीं हिंदु संहितेसाठीं केवढा झगडा केला आणि १९५१ सालीं मंत्रिपद सोडलें, तो इतिहास सर्वश्रुत आहे. १९५६ च्या वारसा कायद्यानें विधवा, मुलगी आणि आई यांस मुलाबरोबरीनें पहिल्या वर्गाच्या वारसांत बसविलें व हयातीपुरता हक्क पूर्ण मालकीचा केला. वडिलार्जित एकत्र मिळकतींत मात्र जन्मानें हक्क मुलालाच राहिला. महाराष्ट्रानें १९९४ सालीं तो मुलींनाहि दिला, परंतु त्यापूर्वीं ज्यांचीं लग्नें झालीं होतीं त्यांना वगळलें. २००५ सालीं केंद्राच्या कायद्यानें लग्नाची अट गेली. आणि ११ ऑगस्ट २०२० रोजीं सर्वोच्च न्यायालयानें स्पष्ट केलें कीं, मुलीचा हक्क जन्मानें आहे, २००५ सालीं बाप हयात असो वा नसो.

इतका कायदा झाल्यावर आणखी काय हवें, असें कोणी विचारील. कायदा आणि उतारा यांच्यामध्यें गांव आहे. मयताची वारसनोंद तीन महिन्यांत द्यावी लागते. ती देण्यास जातो तो थोरला मुलगा. जुन्या उताऱ्यांवर थोरल्याच्या नांवापुढें 'ए. कु. मॅ.' अशीं अक्षरें पुष्कळांनीं पाहिलीं असतील. एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, एवढाच त्यांचा अर्थ. पुढें दोन पिढ्या गेल्या कीं अक्षरें पुसट होतात, मॅनेजर मालक होतो, आणि बाकीचे वारस कोठें गेले हें कोणास आठवत नाहीं. कोठें कोठें बहिणींचीं आणि आईचें नांव कब्जेदाराच्या सदरीं न लिहितां 'इतर हक्क' या सदरांत लिहिलेलें आढळतें. त्याच सदरांत सोसायटीचा बोजा आणि विहिरीचा हिस्सा लिहितात. आई व बहिणी यांची गणना बोजांत करण्याचा हा प्रकार कोणा एका तलाठ्याच्या डोक्यांतून निघाला नसावा. घरांतून जी माहिती गेली ती त्यानें लिहिली.

त्यापुढची पायरी हक्कसोडपत्राची. याविषयीं दुसऱ्याचें उदाहरण देण्याऐवजीं आमचेंच देणें बरें.

आमचे वडील २००६ सालीं वारले. मागें आई, आम्ही दोघे भाऊ आणि दोन बहिणी. जमीन अकरा एकर. नवा कायदा होऊन वर्षहि झालेलें नव्हतें आणि आम्ही तो वाचलेला होता. इतरांस समजावूनहि सांगत असूं. वारसनोंदींत बहिणींचीं नांवें रीतसर लागलीं. सहा महिन्यांच्या आंत आम्हीं दोघींना तालुक्याच्या गांवीं बोलावून घेतलें, दुय्यम निबंधकाच्या कचेरींत हक्कसोडपत्रावर सह्या घेतल्या, खाणावळींत जेवूं घातलें, दोघींना लुगडीं घेतलीं आणि तिसऱ्या प्रहरच्या गाडीनें परत पाठविलें. धाकटी सही करण्यापूर्वीं म्हणाली, "दादा, यांत काय लिहिलंय तें वाचून तरी दाखवा." आम्ही म्हणालों, "अगं, घरचाच कागद आहे." तिनें सही केली. पुढें तिच्या मुलाच्या शिक्षणासाठीं एकदां पैशांची अडचण पडली व ती आमच्याकडे आली. पैसे आम्हीं दिले, आणि वहींत उसनवार म्हणून लिहिले. तें लिहितांना आमचा हात अडखळला नाहीं, हें कबूल करणें भाग आहे.

या कागदाची एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. बहिणीनें भावास वडिलार्जित हक्क विनामोबदला सोडून देण्यास मुद्रांकशुल्क नाममात्र लागतें. तोच हक्क भावास पुढें परत द्यावासा वाटला तर बक्षीसपत्र करावें लागतें, आणि त्यावर जमिनीच्या बाजारभावाच्या हिशेबानें शुल्क पडतें. सोडून देणें स्वस्त आणि परत देणें महाग, अशी ही व्यवस्था आहे. म्हणून ज्यांच्या घरीं अद्याप सही झालेली नाहीं त्यांनीं घाई करूं नये.

याविरुद्ध जे आक्षेप आम्हांस ऐकूं येतात, त्यांतील मुख्य म्हणजे जमिनीचे तुकडे होतील हा. तुकडे हा खरोखर आपल्या शेतीचा जुना रोग आहे. मुंबई प्रांतानें तुकडेबंदीचा कायदा १९४७ सालींच केला तो उगाच नव्हे. परंतु महाराष्ट्रांतील सरासरी वहितीचें क्षेत्र १९७०-७१ सालीं ४.२८ हेक्टर होतें तें २०१५-१६ सालीं १.३४ हेक्टरवर आलें. या पंचेचाळीस वर्षांत मुलींना जमीन मिळाली ती हातांच्या बोटांवर मोजावी इतकी. तेव्हां हे तुकडे भावाभावांनींच केले, हें उघड आहे. शिवाय नांव लावणें आणि बांध घालणें या दोन गोष्टी निराळ्या. बहिणीचें नांव उताऱ्यावर राहून भावानें तिचा हिस्सा खंडानें वा बटाईनें कसावा, यांत अशक्य कांहींच नाहीं. परक्याची जमीन आपण अशीच कसतों.

लग्नांत खर्च केला तोच तिचा वांटा, असेंहि म्हणतात. तो खर्च मांडववाल्याकडे, आचाऱ्याकडे आणि व्याह्यांकडे गेला; मुलीच्या हातीं त्यांतील काय राहिलें, हें ज्याचें त्यानें पाहावें. हुंडा तर १९६१ पासून गुन्हाच आहे. गुन्ह्यांत गेलेला पैसा वजा करून घेण्याची रीत आम्हांस कोठें आढळली नाहीं.

एक अडचण मात्र खरी आहे आणि ती लपविण्यांत अर्थ नाहीं. उताऱ्यावर चार नांवें असलीं कीं कर्जाच्या कागदावर चार सह्या लागतात. एक बहीण मुंबईस, एक गुजरातेंत; सोसायटीची मुदत तर डोक्यावर. अशा वेळीं भाऊ हैराण होतो, आणि पुष्कळ हक्कसोडपत्रें लोभापेक्षां या हैराणींतून होतात, असा आमचा अनुभव आहे. यावर उपाय मुखत्यारपत्राचा आहे, रीतसर वांटणीचा आहे. थोडी खटपट पडते. विजेचें कनेक्शन मिळविण्यास आपण याहून अधिक खटपट करतों.

मुलीचा प्रश्न जरा बाजूस ठेवून पत्नीचा घेतला, तर त्यांत भावांचें भांडण नाहीं, कीं वारसाचा वाद नाहीं. जमीनधारकानें मनांत आणलें कीं झालें. शेतकरी संघटनेचें महिला अधिवेशन नाशिक जिल्ह्यांतील चांदवड येथें १९८६ सालीं भरलें, त्याला हजारों शेतकरी बायका आल्या. त्यानंतर थोड्याच वर्षांत शरद जोशी यांनीं 'लक्ष्मीमुक्ति'ची मोहीम काढली. सरकारकडे आपली कर्जमुक्ति मागतां, तर घरच्या लक्ष्मीचें जें देणें आहे तेंहि फेडा, असा त्यांचा रोखठोक हिशेब होता. ज्या गांवांत शंभर घरधन्यांनीं कांहीं जमीन पत्नीच्या नांवें केली, त्या गांवीं ते स्वतः सत्कारास जात. जळगांव जिल्ह्यांतील विटनेर हें गांव त्या वेळीं याकरितां नांवाजलें. पुढें १९९२ सालीं शासनानेंहि परिपत्रक काढून, पतीच्या अर्जावरून पत्नीचें नांव सहहिस्सेदार म्हणून उताऱ्यास लावण्याची सोय केली. या मोहिमेंत आम्हांस विशेष वाटतें तें हें कीं, ती शहरांतील कोणीं शिकविलेली नव्हती, आणि जमीन देणारे पुरुष आपल्यासारखेच दोन-चार एकरांचे धनी होते.

या सोयीविषयीं एक इशारा द्यावयास हवा. फेरफाराची नोंद ही महसुलाची नोंद आहे. तेवढ्यानें पक्की मालकी होत नाहीं, असें न्यायालयांनीं वेळोवेळीं सांगितलेलें आहे. ज्यांस पुढें वाद नको असेल त्यांनीं पत्नीच्या नांवें नोंदणीकृत बक्षीसपत्र करावें. शेतजमीन पत्नीस, मुलास वा मुलीस बक्षीस देण्यास आपल्या राज्यांत मुद्रांकशुल्क नाममात्र ठेविलेलें आहे. एका फवारणीच्या औषधाहून तें जड नाहीं.

पत्नीचें नांव लागल्यानें काय फरक पडतो, असें विचारणाऱ्यांस आम्ही मराठवाड्याकडे पाहण्यास सांगूं. लातूर-धाराशिव भागांत स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेनें बायकांना घरच्या जमिनीपैकीं अर्धा-एक एकर आपल्या विचारानें कसण्यास मागून घ्यावयास शिकविलें. पुरुषांनीं सोयाबीन आणि ऊस यांवर भर दिला होता. बायकांनीं त्या एकरांत ज्वारी, बाजरी, कडधान्यें आणि भाजीपाला मिसळून घेतला. पाऊस दगा देई त्या सालीं घरांत खावयास निघालें तें त्या तुकड्यांतून. या कामास २०१६ सालीं संयुक्त राष्ट्रसंघाच्या विकास कार्यक्रमाचें इक्वेटर पारितोषिक मिळालें. अकोले तालुक्यांतील कोंभाळणें येथील राहीबाई पोपेरे शाळेंत गेलेल्या नाहींत. त्यांनीं देशी वाणांचीं बियाणीं जमवून जी बीजबँक उभी केली, तिच्यासाठीं २०२० सालीं त्यांना पद्मश्री मिळाली. कोणतें बी कोणत्या जमिनींत टिकतें हें ज्ञान आपल्या बहुतेक घरांत बायकांकडेच होतें. पिशवीबंद बियाणें आलें तेव्हां आपण तें त्यांना विचारावयाचें सोडलें.

शेतकरी कोणास म्हणावें, हा प्रश्नहि एकदां संसदेंत निघाला होता. डॉ. स्वामिनाथन यांनीं २०१२ सालीं राज्यसभेंत स्त्री-शेतकऱ्यांच्या हक्कांचें खासगी विधेयक मांडलें. जमीन नांवावर असो वा नसो, जी शेती करते तिला ग्रामसभेच्या शिफारशीनें शेतकरी असल्याचा दाखला मिळावा, अशी त्यांत तरतूद होती. विधेयक पुढें गेलें नाहीं व बाद झालें. संयुक्त राष्ट्रसंघानें २०२६ हें साल स्त्री-शेतकऱ्यांचें आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केलें. वर्षें जाहीर होतात. सोसायटीचा सचिव मात्र उताराच मागतो, आणि त्याचेंहि चुकत नाहीं, कारण त्याच्याजवळ दुसरें साधन नाहीं.

सहकारी संस्थांच्या संचालक मंडळांत दोन जागा स्त्रियांसाठीं राखीव आहेत, हें वाचकांस ठाऊकच आहे. निवडणुकीच्या आधीं कांहीं घरांत सुनेच्या नांवावर घाईनें कांहीं गुंठे चढतात, तेंहि ठाऊक आहे. आम्ही त्याला हंसत असूं. आतां तितकें हंसूं येत नाहीं. कारण कांहीं असो, गुंठे चढले, आणि त्यांतील एक-दोन सुना आतां सभेंत खताच्या साठ्याचा जाब विचारतात, असें आम्हीं पाहिलें आहे.

आमच्या सभासदांच्या शेजारच्या त्या बाईचें प्रकरण कोठवर आलें, हेंहि सांगतों. सासऱ्यानें हयातींतच दोन्ही मुलांचे हिस्से करून, मयत मुलाचा हिस्सा सून व नातू यांच्या नांवें करण्याचें कबूल केलें आहे. तहसीलदारापुढें वांटणीचा अर्ज गेला आहे. दिरानें अडथळा आणला नाहीं. गांवांतील एका-दोघांनीं त्याला आणावयास सांगितलें होतें, असें कळतें.

आणि आमच्या घरचें. धाकट्या बहिणीला तिच्या हिश्शाची जमीन परत द्यावी असें आमच्या मनांत येऊन दीड वर्ष झालें. भावाची संमति मिळण्यास आठ महिने लागले. बहिणीनें प्रथम नको म्हटलें. "मीं मागितली असं लोक म्हणतील," हें तिचें कारण. थोरलीस जमीन नको आहे. तिनें तसें विचारपूर्वक सांगितलें, आणि या खेपेस आम्हीं तिला दोनदां विचारलें. बक्षीसपत्राचा मसुदा तयार झाल्यावर आम्हीं तो धाकटीस ओळ न् ओळ वाचून दाखविला. ती ऐकून घेऊन म्हणाली, "विहिरींतल्या पाण्याची पाळी कुठं लिहिली आहे?" लिहिलेली नव्हती. मसुदा पुन्हां लेखनिकाकडे गेला आहे.